कलमं पाठ करून पोट भरतं का?

सप्रेम नमस्कार.

मुलगी बारावी आर्ट्सला, दहावीला ८८ टक्के होते, आणि आता ‘मला राज्यघटनाच शिकायची’ म्हणून हटून बसली आहे. भावकीतले म्हणतात, पुण्याला एमपीएससीच्या क्लासला टाका. तुम्ही तासगावहून विचारता, कलमं पाठ करून पोट भरतं का आणि क्लासची फी भरू का?

फी आत्ता भरू नका. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते, म्हणजे अजून निदान तीन वर्षं आहेत. आणि कलमांचे आकडे तोंडपाठ असलेली पण घटनेची गोडी नसलेली मुलं मी रोज बघतो. तुमच्या लेकीला गोडी आहे की नाही हे तपासायला फुकटचा उपाय आहे. ओल्गा टेलिस खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा १९८५चा निकाल तिला वाचायला द्या. इंग्रजी जड जाईल, जाऊ दे.

मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांना भर पावसाळ्यात हटवायचं १९८१ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं. मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जाऊ देणाऱ्या घटनेच्या कलम ३२ खाली प्रकरण तिथं गेलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते. गाईडं इथंच थांबतात. निकाल मात्र पुढं जातो: फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाच नाही, अतिक्रमण काढायचा अधिकार देणारं महापालिका कायद्याचं कलम ३१४ वैध आहे, झोपड्या काढता येतील. फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा आणि १९७६च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्या. कायदा विधिमंडळाचा, कारवाई महापालिकेची आणि दोन्हींची झाडाझडती कोर्टात, असा सगळा कारभार या एका निकालात दिसतो.

मग तिला विचारा, हक्क मान्य केला आणि झोपडीही पाडू दिली, हे कसं? ती तावातावानं वाद घालायला लागली तर वकिलीचा विचार करा. पर्यायी जागा कुठल्या खात्यानं आणि कुठल्या पैशातून द्यायची, यातच ती गुंतली तर राज्यशास्त्र घेऊन बीए करू द्या, स्पर्धा परीक्षेचं नंतर बघू. दहा पानांत जांभया आल्या, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

वकिलीकडे जायचं तर बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला राज्याची लॉ सीईटी ही प्रवेश परीक्षा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांना क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते, फीही दणकट असते. आधी पदवी घेऊन तीन वर्षांचं एलएलबीही करता येतं. न्यायाधीश व्हायचं असेल, तर मे २०२५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली हवी, हे लक्षात असू द्या. आणि ज्युनियरशिपच्या, म्हणजे मोठ्या वकिलाच्या हाताखाली शिकण्याच्या काळात हातात फारसं काही पडत नाही. ती वर्षं घरातून धकवायची तयारी आहे का, हे तुम्ही ठरवा. तुमच्या बाजूनं एक गोष्ट नक्की झाली आहे: ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ आहे आणि सांगली जिल्हा त्यात येतो. रिटसाठी, म्हणजे सरकारविरुद्ध हायकोर्टात करायच्या अर्जासाठी, मुंबईची रात्रीची गाडी आता धरावी लागत नाही.

निकाल वाचून झाला की पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या.