गोळ्या सुरू केल्यावरच जास्त बिघडलं, मग बंद करू का?

एचआयव्हीच्या पेशंटच्या घरून हा प्रश्न मला हमखास येतो. एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. नवऱ्याचं एचआयव्ही फार उशिरा कळलं, सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, २०० च्या बराच खाली. त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं, डाव्या खांद्याने दाराला धडकायचा. ताप नाही काही नाही, म्हणून घरचे म्हणाले टेन्शनमुळे लक्ष नाही त्याचं. एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी झाली तेव्हा पीएमएल निघालं, म्हणजे जेसी व्हायरसने मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणं.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, सुरू झाली आणि काही आठवड्यांत बोलणं पण अडखळायला लागलं. ताई थेट म्हणाल्या, "मॅडम, मी गोळ्या बंद करते, विषच आहे ते."

मी म्हटलं ताई थांबा. या व्हायरसला मारणारं खात्रीचं औषध अजून नाहीये, शरीराची स्वतःची ताकद परत येणं हाच उपचार, आणि ती ताकद याच गोळ्या आणतात. आता कधीकधी काय होतं, प्रतिकारशक्ती जागी झाली की ती मेंदूतल्या त्या जागेवर तुटून पडते, तिथे सूज येते आणि माणूस आधीपेक्षा वाईट दिसतो, याला डॉक्टर आयरिस म्हणतात. पण आजारच पुढे सरकत असला तरी असंच दिसतं, ते घरी बसून कळत नाही, म्हणून गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. त्यांनी परत एमआरआय केला, सूज दिसली, स्टिरॉइड दिलं.

मग खरी भीती बाहेर आली, हळू आवाजात, "मुलांना होईल का हो?" अहो, हा व्हायरस बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आधीपासूनच गपचूप पडलेला असतो, तुमच्या माझ्या सुद्धा असेल. बाबाच्या मांडीवर बसल्याने मुलांना पीएमएल होत नाही, बसू द्या खुशाल.

बोलणं बरंच सुधारलं त्याचं, डावीकडचं दिसणं मात्र तेवढं आलं नाही.

एक सांगायचं राहिलं, किडनी बदललेल्या किंवा एमएस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी नॅटालिझुमॅब घेणाऱ्या पेशंटला पीएमएल झालं तर तिथे उलटं असतं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध डॉक्टर कमी किंवा बंद करतात. त्यामुळे "आमच्या ओळखीत तर औषध थांबवलं" हे ऐकून आपल्या गोळ्यांना हात लावू नका. आणि सीएमव्ही, हर्पिस या दुसऱ्या व्हायरसवर औषधं आहेत, तेव्हा मेंदूत नेमका कुठला व्हायरस आहे ते डॉक्टरांना आधी विचारा.