मागच्या बाकावरून वर्ग पाहताना

पत्र : मी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात शिकते. गेले तीन आठवडे एका प्राथमिक शाळेत वर्गनिरीक्षणासाठी जात आहे. रोज मागच्या बाकावर बसून निरीक्षण नोंदवही भरते, पण सगळ्या पाठांच्या नोंदी सारख्याच होतात. बाई शिकवत असतात तेव्हा शिकवणे सोपे वाटते. पण गोंगाट सुरू झाला की त्यांच्या नुसत्या पाहण्याने वर्ग शांत होतो, तेव्हा हे मला कधी जमणार नाही असे वाटते. मी स्वभावाने अबोल आहे. दुसऱ्या एका वर्गात एका मुलाला सर्वांसमोर ‘तुला काही येत नाही’ असे वारंवार म्हटले जाते आणि ते ऐकून मला फार वाईट वाटते. हे क्षेत्र माझ्यासाठी आहे का, की वेळीच दुसरा अभ्यासक्रम निवडावा?

उत्तर : सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते अभ्यासक्रम सोडावा की नाही याविषयीचे वाटले. दुसऱ्या वाचनात जाणवले की खरी अडचण त्याआधीची आहे. तीन आठवडे तुम्ही वर्गात बसत आहात, परंतु तिथे नेमके काय पाहायचे हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही. म्हणून मी आधी निरीक्षणाविषयी लिहिते. करिअरच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातूनच मिळणार आहे.

शिकवणे सोपे वाटते, याचे एक कारण अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये मांडले होते. शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षकांच्या सहवासात सुमारे १३,००० तास घालवलेले असतात आणि ही एक प्रकारची निरीक्षणातून झालेली उमेदवारीच, म्हणजे काम शिकण्याचा काळच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. पण ही उमेदवारी अपुरी आहे. विद्यार्थ्याला शिक्षकाची कृती दिसते, त्यामागचा विचार दिसत नाही. तेच उदाहरण आज का घेतले, अमुक मुलाला प्रश्न का विचारला, ठरलेला भाग मध्येच का सोडून दिला, हे बाकावर बसलेल्या मुलाला कळण्याची सोयच नसते. तुम्ही आजही त्या जुन्या सवयीने बाईंकडेच पाहत आहात. नोंदी एकसारख्या होतात त्या याचमुळे.

पुढील आठवड्यापासून दोन बदल करून पाहा. पहिला जागेचा. मागच्या बाकावरून मुलांच्या फक्त पाठी दिसतात. वर्गशिक्षिकेची परवानगी घेऊन खोलीच्या कडेला, पुढच्या बाजूस बसा, म्हणजे मुलांचे चेहरे, हात आणि वह्या दिसतील. दुसरा बदल नोंदीचा. ‘पाठ चांगला झाला, मुलांनी उत्साहाने प्रतिसाद दिला’ हे निरीक्षण नव्हे, तो अभिप्राय आहे. कोणी हात वर केला, कोणी करून खाली घेतला, कोण शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहीत होते, हे निरीक्षण. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डाव्या बाजूस फक्त पाहिलेले आणि ऐकलेले लिहा, आणि त्यावरून तुम्हाला जे वाटले ते उजव्या बाजूस. सुरुवातीला डावी बाजू रिकामी राहील आणि उजवी भरेल. तसे झाले तरी नाउमेद होऊ नका. ठरावीक नमुन्याचे रकाने भरणे तुमच्या संस्थेला आवश्यक असेल तर तेही करा, पण त्याला निरीक्षण समजू नका.

डाव्या बाजूस काय येऊ शकते याचे एक उदाहरण देते, कारण माझ्या मते प्राथमिक वर्गाचे सारे मोल अशा प्रसंगांतच असते. समजा, ५२ मधून २७ वजा करायचे आहेत आणि दोन मुलांनी उत्तर ३५ लिहिले आहे. नोंदवहीत ‘दोघांचेही चुकले’ एवढीच नोंद होईल. आता त्यांच्या वह्या जवळून पाहा. पहिल्या मुलाने एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलट ७ मधून २ वजा करून ५ लिहिले, आणि दशकाच्या घरात ५ मधून २ वजा करून ३. मोठ्यातून लहान वजा करायचे असा नियम त्याने स्वतःच बनवलेला आहे. दुसऱ्या मुलाने एक दशक सुटा करून १२ मधून ७ वजा केले, तेही ५ आले. मात्र दशक सुटा केल्यावर ५ दशकांचे ४ उरले हे तो विसरला. उत्तर तेच, पण चूक अगदी वेगळी. दोघांनाही ५३ मधून २७ वजा करायला दिले, तर पहिल्याचे ३४ येईल आणि दुसऱ्याचे ३६. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन दशक म्हणजे काय येथपासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला ते कळलेले आहे, त्याला फक्त सुटा केलेला दशक लिहून ठेवण्याची सवय हवी. दोघांकडूनही तीच वजाबाकी दहा वेळा लिहून घेतली, तर दोघांचाही वेळ वाया जाईल आणि पहिल्याचा चुकीचा नियम मात्र अधिक घट्ट होईल. जपानमध्ये शिक्षकांनी एकमेकांचे पाठ प्रत्यक्ष पाहून त्यांवर चर्चा करण्याची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि तेथेही निरीक्षकांचे लक्ष मुले कसा विचार करतात यावर असते. असा विचार टिपता येणे हीच शिक्षकाची मुख्य विद्या आहे, असे मी मानते.

आता वर्ग शांत ठेवण्याची तुमची भीती. जेकब कुनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वर्गांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या आणि १९७० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोंधळ सुरू झाल्यावर शिक्षक काय बोलतात किंवा कसे रागावतात, यावरून यशस्वी आणि अयशस्वी वर्ग वेगळे करता येत नव्हते. फरक होता तो आधीच्या वागण्यात. यशस्वी शिक्षकांचे लक्ष साऱ्या वर्गावर असे आणि मुलांनाही ते जाणवत असे; एकाच वेळी दोन गोष्टी ते सांभाळत आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना त्यांचा पाठ अडखळत नसे. म्हणजे बाईंच्या ज्या एका दृष्टिक्षेपाने वर्ग शांत होतो, त्याची तयारी अनेक महिने चाललेली असते. तुम्हाला तिचा फक्त शेवट दिसतो. उद्या त्या दृष्टिक्षेपाच्या आधीची दोन मिनिटे पाहा. वह्या कशा वाटल्या गेल्या, सूचना देण्यापूर्वी बाई थांबल्या का, काम लवकर संपवणाऱ्या मुलांसाठी पुढे काही तयार होते का, हे लिहून ठेवा. हे सारे शिकता येते, त्यासाठी आवाज मोठा असावा लागत नाही.

तुमच्या अबोलपणाविषयी मला निराळेच वाटते. अमेरिकी शिक्षण-संशोधक नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील बोलणे नोंदवण्याची एक पद्धत विकसित केली होती. तिच्यात दर ३ सेकंदांनी एक नोंद करायची आणि ती १० प्रकारांपैकी एकात बसवायची. त्यांतील ७ प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, २ मुलांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. एखाद्या पाठाची दहा मिनिटे तरी अशी नोंदवून पाहा. शिक्षक किती बोलतात आणि मुले किती, हे तुमच्याच कागदावर स्पष्ट होईल. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांच्या संशोधनाची जोड याला द्यावीशी वाटते. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले होते. ही वेळ ३ सेकंद किंवा त्याहून अधिक केल्यावर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली, आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. ३ सेकंद गप्प राहणे पुष्कळ शिक्षकांना फार जड जाते. तुम्हाला ते जड जाणार नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र अबोल राहणे वेगळे आणि स्पष्ट न बोलणे वेगळे. सूचना नेमक्या, थोड्या शब्दांत आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतील अशा देण्याचा सराव तुम्हाला करावाच लागेल.

त्या मुलाविषयी वाचून मलाही दुःख झाले. रो यांच्याच अभ्यासातील एक गोष्ट येथे आठवते. शिक्षक ज्यांना हुशार मानत त्यांना उत्तरासाठी अधिक वेळ देत, आणि ज्यांना कच्चे मानत त्यांना कमी. ज्याला वेळ अधिक हवा त्यालाच तो कमी मिळावा, याइतका अन्याय वर्गात दुसरा नसेल. आणि तो बहुधा जाणूनबुजून केलेलाही नसतो. तुम्ही छात्राध्यापिका आहात, त्यामुळे भर वर्गात त्या शिक्षिकेला टोकणे उचित नाही, आणि त्याने मुलाचा लाभही होणार नाही. परंतु गप्प बसणेही बरोबर नाही. ऐकलेले शब्द जसेच्या तसे, तारखेसह, मुलाचे नाव न घालता लिहून ठेवा आणि तुमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोला. मारहाण किंवा त्याहून गंभीर काही दिसले, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि मार्गदर्शकांना सांगा. तेथे संकोच करू नका. एरवी पाठाच्या वेळी त्या मुलाला किती वेळा विचारले जाते आणि किती वेळ दिला जातो हे मोजा, आणि त्याला काय येते तेही शोधा. ‘काही येत नाही’ हे वाक्य कोणत्याही मुलाबद्दल खरे नसते.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. केवळ निरीक्षणाच्या आधारावर हे क्षेत्र सोडू नका, कारण पाहणाऱ्याला जी भीती वाटते तिची परीक्षा शिकवल्याशिवाय होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ मध्ये सूक्ष्म अध्यापनाची पद्धत सुरू झाली ती याच विचाराने. मोजकी मुले, काही मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, आणि त्यानंतर लगेच चर्चा. तुमच्या मार्गदर्शकांकडे चार-पाच मुलांच्या गटाला शिकवण्याची संधी मागा, आणि असे सात-आठ पाठ झाल्यावरच निर्णयाचा विचार करा. शिवाय एक दिवस पाठापुरते न थांबता वर्गशिक्षिकेबरोबर शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत राहा. दिवसभर उभे राहणे, थकलेला आवाज, तपासायच्या वह्यांचा ढीग, पालकांशी अवघड बोलणे, हे सारे या नोकरीचाच भाग आहे आणि ते पाहिल्यावाचून होकार देणेही घाईचेच ठरेल.

निर्णय घेताना ‘मुलांना मी आवडले का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. चुकलेले उत्तर समोर आल्यावर तुम्हाला त्रास अधिक होतो की ते कसे आले असेल याचे कुतूहल अधिक वाटते, हे पाहा. कुतूहल वाटत असेल तर बाकीचे शिकता येईल. ते वाटत असूनही तीस-चाळीस मुलांचा वर्ग झेपत नाही असे आढळले, तर विशेष शिक्षण, वाचनात अडचण असलेल्या मुलांसाठीचे काम किंवा पाठ्यसाहित्यनिर्मिती या वाटा तुमच्या याच प्रशिक्षणातून फुटतात. आणि कुतूहलच वाटत नसेल, तर पहिल्या वर्षातच दुसरा अभ्यासक्रम निवडणे प्रामाणिकपणाचे होईल. त्यात अपयश मानू नका.

तोवर एक काम करा. पत्रातील त्या मुलाच्या वहीतील चुकलेली पाच उदाहरणे शिक्षिकेच्या परवानगीने उतरवून घ्या आणि मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून, चूक-बरोबर काहीही न सांगता, ‘हे तू कसे केलेस ते मला सांगशील का?’ एवढेच विचारा आणि थांबा. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून मला पाठवा.