धोका आहे तर मुदत कशाला?

प्रश्न: नमस्कार सर, इंजिनचे पार्ट तपासा, खराब असतील तर बदला, अशा आदेशांच्या बातम्या मी नेहमी वाचते. कधी वीस दिवसांची मुदत असते, कधी अमुक इतक्या फेऱ्यांची. धोका आहे तर सगळी विमानं त्याच दिवशी का नाही थांबवत? खरं सांगू का, आता विमानात बसायची धास्तीच वाटते.

उत्तर: ताई, शंका अगदी रास्त आहे. इंजिनच्या फिरत्या पार्टचं वय वर्षांवर नाही तर सायकलवर मोजतात, एक उड्डाण आणि एक लँडिंग मिळून एक सायकल धरा. टेकऑफला इंजिन पूर्ण जोरात फिरतं तेव्हा ब्लेडवर, म्हणजे आतल्या पात्यांवर, भयंकर ताण येतो, उतरल्यावर तो सुटतो, आणि असं हजारो वेळा झालं की धातू थकतो, बारीक चीर पडते आणि ती फेरीगणिक थोडी थोडी वाढत जाते. ती किती वेगाने वाढते याचा हिशोब करूनच मुदत ठरवतात, म्हणून जास्त सायकल झालेल्या पार्टचा नंबर आधी लागतो.

१७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साउथवेस्टच्या बोइंग ७३७ चं एक फॅन ब्लेड, म्हणजे इंजिनच्या पुढच्या पंख्याचं पातं, उडतानाच तुटलं आणि एका प्रवासी बाईंचा जीव गेला. त्या ब्लेडच्या ३२ हजारांवर सायकल झाल्या होत्या. चीर होती ब्लेडच्या मुळाशी, आणि मूळ डिस्कच्या, म्हणजे मधल्या फिरत्या चकतीच्या, खाचेत बसलेलं असतं, त्यामुळे नुसतं बाहेरून बघून काही कळत नाही. तीनच दिवसांत एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान नियामक संस्थेचा, तातडीचा आदेश निघाला, ३० हजार किंवा जास्त सायकल झालेल्या या जातीच्या इंजिनांची ब्लेड २० दिवसांत अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तपासा, चीर दिसली तर पुढच्या उड्डाणाआधी ब्लेड बदला.

पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या विमानात, त्याच जातीच्या इंजिनचं ब्लेड असंच तुटलं होतं! त्यानंतर इंजिन बनवणाऱ्यांनी तपासणीचं सर्व्हिस बुलेटिन काढलं, एफएएने २०१७ मध्ये आदेशाचा मसुदाही काढला, पण तो पक्का व्हायच्या आत दुसरा अपघात झाला. बुलेटिन ही बहुतेक वेळा शिफारस असते, आदेश मात्र कायद्याने पाळावाच लागतो आणि तो मुदतीत पाळला नाही तर ते विमान उडवता येत नाही. म्हणून मुदत २० दिवस आहे याची मला तेवढी काळजी वाटत नाही, आदेश निघायलाच उशीर होतो याची जास्त वाटते.

आणि मुदत दरवेळी मिळतेच असंही नाही हं. फेब्रुवारी २०२१ मध्ये डेन्व्हरजवळ युनायटेडच्या ७७७ चं इंजिन फुटलं, सुदैवाने कोणाला काही झालं नाही, पण तीन दिवसांत आदेश आला की त्या जातीच्या इंजिनांची फॅन ब्लेड तपासल्याशिवाय पुढचं उड्डाणच करायचं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की आदेश कुठल्या इंजिनला आणि किती सायकल झालेल्या पार्टला लागू आहे ते आधी बघा, बऱ्याचदा तो एका ठराविक लॉटपुरताच असतो, सगळ्या विमानांना नाही.