वाचक विचारतात : मुलं गोष्टीतून उठून का जातात?

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत तीन ते सहा वयाची बावीस मुलं आहेत. बहुतेकांच्या घरी अहिराणी, पाड्यावरच्या पाच-सहा जणांच्या घरी पावरी. पुस्तक वाचायला घेतलं की दोन पानांत निम्मी मुलं उठतात. प्रत्येक वाक्य लगेच अहिराणीत सांगून पाहिलं, तरी तेच.
– सेविका, चोपडा तालुका

उत्तर : ताई, घोळ त्या वाक्यागणिक भाषांतरातच आहे. आपल्या बोलीतलं वाक्य मागून येणारच, हे कळलं की मूल मराठीकडे कान देणं सोडतं. शिवाय गोष्ट दुप्पट लांबते. म्हणून भाषा दिवसांवर वाटा.

पहिल्या दिवशी पुस्तक बंद. चिऊ-काऊची गोष्ट अहिराणीतून, हातात वस्तू घेऊन सांगा. मेणबत्तीचा तुकडा आणि गोवरीचा चुरा पुरतो. दोन्हींवर तांब्याभर पाणी ओता. गोवरी भिजून पसरते, मेण तसंच राहतं. कावळ्याचं घर का वाहून गेलं, ते मग वेगळं समजवावं लागत नाही. विकतचं साहित्य नको. १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचाही भर परिसरातल्या वस्तूंवरच होता.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुस्तकातून, मराठीत. अडतील असे चार-पाच शब्द तेवढे चित्रावर बोट ठेवून अहिराणीत सांगा. पावरी शब्द अंदाजानं नकोत, एखाद्या आईला आधी विचारून ठेवा. तिसऱ्या दिवशी ‘थांब, माझ्या बाळाला...’ इथं थांबा आणि तीन-चार सेकंद खरोखर गप्प राहा. पुढचं मुलंच म्हणतील. कुणी ‘पानी’ म्हणालं तर टोकू नका. पुढच्या वाक्यात तुम्ही ‘पाणी’ म्हणा.

आता बैठक. बावीस जणांना एक लहान पुस्तक दिसतच नाही. दहा-अकरा जणांचा अर्धगोल करा, धाकटी पुढे. बाकीच्यांना मदतनीसताईंबरोबर मातीकाम द्या, मग अदलाबदल. तुमची पाठ भिंतीकडे हवी. दार पाठीशी असेल तर उजेड मागून येऊन पान काळपट दिसतं आणि मुलं रस्ता बघत बसतात. पुस्तक छातीशी धरलं की वाचताना ते आपल्याच तोंडाकडे वळतं. खांद्याजवळ बाजूला, खालच्या कडेला धरा. तीन वर्षांच्यांना पाच-सहा मिनिटं बास, मोठ्यांना दहा. आणि खिचडीचा वास सुटल्यावर गोष्ट सुरूच करू नका!

प्रश्न : मुलं रोज तीच गोष्ट मागतात. नवी केव्हा घ्यावी?
– बालवाडी शिक्षिका, शिरपूर

उत्तर : मागतात तोवर तीच, आठवडाभरसुद्धा. पहिल्यांदा काय झालं एवढंच कळतं, शब्द नंतर तोंडात बसतात. शब्द बदलू नका, वाक्य गाळलंत तर लगेच पकडतील. बदलायचा तो तुमचा प्रश्न : आधी ‘हे कोण?’, दोन दिवसांनी ‘कावळा चिमणीकडेच का गेला?’, मग ‘तू दार उघडलं असतंस का?’ शेवटच्या प्रश्नाला बरोबर-चूक नसतं, उत्तर कसंही येवो. तात्पर्य विचारणं मात्र सोडाच. त्यानं गोष्टीची परीक्षा होते.

प्रश्न : सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्या नातवाला मोबाइलवर गोष्टी लावून देतात. चालेल का?
– एक आई, यावल

उत्तर : मोबाइल नातवाच्या ‘का?’साठी थांबत नाही, आजी थांबते. अक्षरं नसलेलं किंवा मोठ्या चित्रांचं पुस्तक त्यांच्या हाती द्या. पान उलटायचं काम नातवाचं. आजींनी आपल्या बोलीत ‘हा काय करी ऱ्हायना?’ एवढं विचारायचं आणि तो सांगेल त्यात एक वाक्य घालायचं. पुस्तक नसेल त्या दिवशी ओव्या, कोडी, शेतातल्या गमती आहेतच. तुम्ही रात्री तेच पुस्तक वाचून दाखवा. गोष्ट आजीसारखी नाही म्हणून तो भांडला, तर आजीची कशी होती ते त्यालाच सांगायला लावा.