ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये जुना सिफिलिस पॉझिटिव्ह आला तर अर्ज नाकारतात का?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात परत मांडते. तुमचं वय ३३. अमेरिकेतच राहता, नवऱ्याच्या नोकरीवरून ग्रीन कार्डचा अर्ज करायचाय आणि पुढच्या महिन्यात मेडिकल आहे. लग्नाच्या बऱ्याच आधी तुम्हाला सिफिलिस हा लैंगिक संसर्ग झाला होता, इंजेक्शनं घेतलीत, विषय संपला. आता कळलंय की या मेडिकलमध्ये त्याची तपासणी असते. अर्ज फेटाळतील का, आणि नवऱ्याला कळेल का, हे तुम्हाला हवंय.

पहिल्याचं उत्तर: उपचार झालेल्या सिफिलिससाठी अर्ज फेटाळत नाहीत. दुसऱ्याकडे नंतर येते.

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. अकरा वर्षं एका लॅबमध्ये सेरॉलॉजीच्या, म्हणजे रक्तातल्या प्रतिद्रव्यांच्या (अँटिबॉडींच्या) तपासणीच्या टेबलावर बसले, आणि तिथे येणाऱ्या नमुन्यांत इमिग्रेशनवाल्यांचे नमुने भरपूर असायचे. त्यामुळे तुमच्या रक्ताचं आत काय होतं, एवढं नक्की सांगू शकते. तुमची निम्मी भीती त्यातच अडकली आहे असं प्रश्नावरून वाटतंय.

सिफिलिसच्या तपासण्या दोन जातीच्या असतात. एक जात त्या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. टीपीएचए, टीपीपीए, किंवा मशीनवर होणारी ईआयए ही त्यातलीच. ही प्रतिद्रव्यं बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. आजार कधीच बरा झालेला असतो, पण रक्त त्याची आठवण धरून बसतं. दुसरी जात म्हणजे व्हीडीआरएल आणि आरपीआर. आजार चालू असताना यांचा आकडा वर जातो आणि उपचारानंतर उतरतो.

आरपीआर प्रत्यक्षात कशी होते ते सांगते, कारण रिपोर्टवर तुम्हाला दिसेल तो आकडा तिथून येतो. पांढऱ्या कार्डावर गोल आखलेले असतात. एकेका गोलात सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्याचा थेंब पसरायचा, त्यावर कोळशाचे बारीक कण मिसळलेला अँटिजेनचा थेंब टाकायचा आणि कार्ड फिरत्या यंत्रावर ८ मिनिटं ठेवायचं. निगेटिव्ह असेल तर गोलात एकसारखा राखाडीपणा राहतो. पॉझिटिव्ह असेल तर काळ्या गुठळ्या धरतात, वाळूत मिरी सांडल्यासारख्या. मग सीरम दर वेळी निम्मं पातळ करत जायचं: १:२, १:४, १:८, १:१६. ज्या शेवटच्या गोलात गुठळ्या दिसतात, तो तुमचा टायटर. दोन पायऱ्यांचा फरक, म्हणजे चौपट, पडला तरच त्याला अर्थ. १:४ चा १:२ झाला तर कुणी मनावर घेत नाही, तेवढी चूक माझ्या डोळ्यांचीही असू शकते. पण १:३२ चा १:२ झाला असेल, तर औषध लागू पडलं हे कागदच बोलतो. काही जणांचा टायटर १:१ किंवा १:२ वर येऊन वर्षानुवर्षं तिथेच थांबतो. त्याचा अर्थ आजार उरलाय असा धरत नाहीत.

आता तुमच्या नमुन्याचं काय होईल ते लॅब कोणत्या क्रमाने तपासते त्यावर आहे. काही ठिकाणी आधी आरपीआर करतात. ती निगेटिव्ह आली तर काम तिथेच थांबतं, आणि तुमचा जुना आजार रक्तातून बाहेर येतच नाही. पण बऱ्याच मोठ्या लॅब आता उलटा क्रम वापरतात, कारण प्रतिद्रव्यांची तपासणी मशीन धडाधड करतं आणि कार्डावर डोळे फोडायला माणूस लागत नाही. तिथे तुमची पहिली ओळ ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येईल असं धरूनच चला. ती ओळ वाचून रात्रभर रडलेल्या माणसांचे फोन मी घेतलेत. खालच्या ओळी वाचेपर्यंत दम धरा.

आमच्याच लॅबची एक चूक सांगते. एका अर्जदाराच्या रिपोर्टवर वरची ओळ छापली गेली आणि आरपीआरचा आकडा राहूनच गेला. त्याच्याकडे जुन्या उपचाराचा कागद नव्हता. डॉक्टरांनी जोखीम घेतली नाही, त्याला पुन्हा तीन आठवडे तीन इंजेक्शनं दिली. बेंझाथिन पेनिसिलिन घट्ट, दुधासारखं असतं, सुईत अडकतं, आणि २४ लाख युनिटचा डोस सहसा दोन भागांत दोन्हीकडे खोलवर टोचतात. बसता येत नाही दोन दिवस. आकडा छापला असता तर कदाचित एकही टोचावं लागलं नसतं.

म्हणून तुमचं खरं काम मेडिकलच्या आधी आहे. जिथे उपचार घेतलेत तिथून कागद मिळवा: कोणतं औषध, किती डोस, कोणत्या तारखांना, आणि त्या वेळचा व नंतरचा टायटर. मेलवर आलेला साधा स्कॅनही कामाला येतो, मात्र डॉक्टरचं किंवा दवाखान्याचं नाव आणि तारीख स्पष्ट दिसायला हवी.

मेडिकल करणाऱ्या डॉक्टरला तिथे ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात. हा शब्द ऐकून जिल्हा रुग्णालय डोळ्यांसमोर आणू नका. सरकारने नेमून दिलेला खासगी डॉक्टरही असतो तो. (अमेरिकेबाहेरून व्हिसा मागणाऱ्यांसाठी हेच काम पॅनेल डॉक्टर करतात.) तो आय-६९३ नावाचा फॉर्म भरतो. संसर्गजन्य टप्प्यातला, उपचार न झालेला सिफिलिस असेल तर ‘क्लास ए’, म्हणजे अडवणारा शेरा. उपचार पूर्ण झाले की तोच ‘क्लास बी’ होतो, म्हणजे नोंद आहे पण आडकाठी नाही. क्लास ए निघाला तरी तो तात्पुरता असतो. इंजेक्शनं घ्यायची, कागद लावायचा, पुढे जायचं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या असतात, गरोदरपणात मात्र पेनिसिलिनच द्यावं लागतं. तुम्हाला दिवस गेले असतील तर ते आधीच सांगा.

सिफिलिसची तपासणी सध्या १८ ते ४४ वयाच्या अर्जदारांना आहे आणि गोनोरियाची (हाही लैंगिक संसर्गच) १८ ते २४ च्या, त्यामुळे दुसऱ्यातून तुम्ही सुटलात. एचआयव्हीची तपासणी या मेडिकलमध्ये नाही. ती १९८७ पासून होती, १९९३ मध्ये तर संसदेने एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी कायद्यातच घातली, आणि ती उठली ४ जानेवारी २०१० ला. या बंदीमुळे १९९० नंतर जागतिक एड्स परिषद अमेरिकेत भरेना. १९९२ ची बोस्टनला ठरलेली परिषद अ‍ॅमस्टरडॅमला हलवली, आणि ती पुन्हा अमेरिकेत भरायला २०१२ उजाडलं. इंटरनेटवर जुने लेख वाचून घाबरणारे अजून याच बंदीला घाबरतात.

एवढं सगळं असूनही अर्ज अडवू शकणाऱ्या आजारांची ही यादी मला पटते का? अर्धवट. १८९१ च्या कायद्यातले शब्द होते ‘किळसवाणा किंवा धोकादायक संसर्गजन्य आजार’, आणि त्या किळसेचा वास यादीला अजून येतो. अमेरिकेत सर्वांत जास्त नोंद होणारा जिवाणूजन्य लैंगिक संसर्ग क्लॅमिडिया, तो यादीत नाही. पर्यटक म्हणून येणाऱ्याची अशी तपासणी होत नाही, आणि जंतूला तर व्हिसाचा प्रकार कळत नाही. २०१६ मध्ये शँक्रॉइडसारखे तीन दुर्मीळ आजार यादीतून काढले, तेही इतक्या उशिरा. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत आईकडून बाळाला होणाऱ्या सिफिलिसची नोंद २०२२ मध्ये ३,७०० च्या वर गेली, दहा वर्षांपूर्वीच्या दहापटीहून जास्त. आमच्या टेबलावर असेही नमुने आले की त्या बाईला काहीच त्रास नव्हता, आणि केवळ या मेडिकलमुळे आजार सापडून गरोदर राहण्याआधी बरा झाला. त्यामुळे तपासणी बंदच करा असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

दुसऱ्या देशाच्या मित्रमैत्रिणींचे अनुभव मात्र स्वतःला लावू नका. कॅनडात १५ वर्षांपुढच्यांची सिफिलिस आणि एचआयव्ही दोन्ही तपासतात. ब्रिटन भारतीयांकडून लांब मुदतीच्या व्हिसासाठी क्षय नसल्याचा दाखला मागतं, लैंगिक आजारांचं काही विचारत नाही. आखाती देशांत निकाल ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ असा येतो आणि तिथे एचआयव्ही निघाला तर राहण्याचा परवाना मिळत नाही. तिकडच्या गोष्टी ऐकून तुमची झोप उडाली असेल तर ते स्वाभाविक आहे, पण नियम वेगळे आहेत.

आता नवऱ्याचं. तुमचा फॉर्म तुमचा, त्याचा त्याचा. भरलेला फॉर्म डॉक्टर बंद पाकिटात देतो आणि ते पाकीट न फोडता सरकारकडे जातं. तुमचे निकाल नवऱ्याला पाठवायची कुठलीही पद्धत नाही. धोका आहे तो साध्या गोष्टींत: दोघं एकाच वेळी गेलात आणि काउंटरवरची बाई मोठ्याने ‘आधी कधी सिफिलिस झालाय का’ विचारते, किंवा रिपोर्ट घरच्या कॉमन मेलवर येतो. वेगळ्या दिवसाची वेळ घ्या, मेल स्वतःचा द्या, आणि डॉक्टरशी एकटीने बोलायचंय असं आत शिरतानाच सांगा. पाकिटाबरोबर स्वतःसाठी एक प्रत मागून घ्या, म्हणजे आत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत राहील. तपासणीत चालू आजार निघाला तर गोष्ट वेगळी. तो नियमाने आरोग्य खात्याला कळवावा लागतो, आणि मग जोडीदाराच्या तपासणीचा प्रश्नही येतो.

डॉक्टरने जुन्या आजाराबद्दल विचारलं तर ‘नाही’ म्हणू नका. तुमचा आजार तीन इंजेक्शनांत मिटतो, पण मुद्दाम खोटं सांगितल्याचा शेरा बसला तर तो माफीच्या वेगळ्या अर्जाशिवाय निघत नाही. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उपचार लग्नाआधी पूर्ण झाले असतील आणि टायटर उतरला असेल, तर त्या जुन्या आजाराचा त्याला धोका नव्हता.

आणि जुना कागद मिळालाच नाही, तर मेडिकलच्या तीन-चार आठवडे आधी स्वतःच्या नेहमीच्या डॉक्टरकडे आरपीआर करून घ्या, टायटरचा आकडा छापून मागा. पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागली तरी ती तिथेच घेऊन होतील आणि सिव्हिल सर्जनसमोर तुम्ही कागद घेऊनच बसाल.