वाटीएवढा कोनाडा

प्रिय मनू,

परवा जेवताना तू म्हणालीस, "युरोपनं एक देश व्हावं का, यावर वर्गात बोलायचंय. आई, तुम्ही वाईचं घर एकच म्हणता, मग तिथे तीन चुली कशा? खोटंच ना हे?" 'खोटं' हा शब्द लागला गं. म्हणून तेव्हा नुसतीच पोळी वाढली.

आपल्या वाटण्या झाल्या 1992 मध्ये. त्याच वर्षी, जर्मनीतल्या आपल्या आखेनपासून पाऊण तासावरच्या, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टला, युरोपीय संघाच्या करारावर सह्या झाल्या. मला तेव्हा कुठलं युरोप! माजघरात उठणारी भिंत तेवढी दिसत होती. गवंडी मधला कोनाडा बुजवायला लागला तशी आजी म्हणाली, "तेवढा राहू दे." त्यातून आमटीची वाटी पलीकडे जायची आणि रिकामी कधी परत यायची नाही. लोणच्याची फोड, नाहीतर चिमूटभर साखर तरी. बाबा आणि अण्णाकाका बोलत नव्हते, त्या दोन वर्षांतसुद्धा.

गणपती मात्र एकच, पाळीनं. संघाच्या परिषदेचं अध्यक्षपदही दर सहा महिन्यांनी असंच एकेका देशाकडे जातं, हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले होते.

पण सगळं गोड नव्हतं. माडीचं छप्पर सामाईक. दुरुस्तीला अण्णाकाका हो म्हणेनात. चार पावसाळे आम्ही गळतीखाली घमेली मांडली, पाचव्याला तुळई खाली आली. युरोपीय संघातही परराष्ट्र धोरणावर 27 देशांतला एक जरी अडला तरी घोडं अडतं. एकच देश करा म्हणणाऱ्यांचं दुखणं हेच, आणि ते मला पटतं. मग आठवतं, चूल एक होती तेव्हा आमटीत मीठ किती हे मोठ्या काकू ठरवायच्या आणि माझी आई न्हाणीघरात जाऊन रडायची. 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सनं मतदान करून युरोपची राज्यघटना नाकारली. त्यांची कारणं वेगळी असतील, मला मात्र आधी आईच दिसते.

तुला हवं ते बोल. फक्त चुलींचं सांगितलंस तर छपराचंही सांग.

यंदा गणपती धाकट्या काकूंकडे आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत. तुझी परीक्षा कधी संपते ते सांग, मग बघू.

तुझी,
आई