जिताड्याची बोटुकली मरतात ती प्राणवायूअभावीच असं नाही

तुम्ही लिहिलंय: हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, आणलेली जिताड्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) थेट शेततळ्यात सोडली, दुसऱ्या दिवसापासून मरायला लागली, आणि त्याच तळ्यातले राहू-कटला मात्र मजेत. तुमची पोस्ट वाचून आमचंच जुनं प्रकरण आठवलं. 'एरेटर लावा', म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र बसवा, हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. अहो, प्राणवायू संपला असता तर पहाटे राहूही वर येऊन तोंड वासत बसले असते!

जिताडा खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत जगतो, पण एका रात्रीत बदलत नाही; आणि हॅचरीतलं पाणी खारं, तळ्यातलं गोडं. समुद्राच्या पाण्यात जेवढे क्षार, त्याच्या साधारण तिसरा हिस्सा माशाच्या रक्तात. त्यामुळे खाऱ्यात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं; मासा पाणी पीत राहतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. गोड्यात पाणी आत घुसतं, मीठ निसटतं. तिथे पातळ लघवी भरपूर करायची आणि त्याच कल्ल्यांनी मीठ आत ओढायचं. त्यासाठी कल्ल्यांतल्या पेशी बदलाव्या लागतात, आणि त्याला काही दिवस जातात.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती प्रयोगशाळा. नाव घेत नाही. मेलेले मासे बर्फात घालून नेले, तर 'मासे आमच्याकडे बघत नाहीत, पाणी द्या'. रिपोर्ट आला: क्षार अत्यल्प, पिण्यास उत्तम. खाली गोल शिक्का. अहो, प्यायचंय कोणाला? प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नावालाच असतं, आणि कॅल्शियम कमी तेवढी कल्ल्यांतून मिठाची गळती जास्त. म्हणजे रिपोर्टात जे उत्तम, तेच या पिल्लांना सर्वात कठीण. त्या कागदावर विसंबून दुसरी खेपही तशीच सोडली गेली आणि तीही गेली.

मी शास्त्रज्ञ नाही, तुमचं पाणी पाहिलेलं नाही. पण माझ्या मते रिफ्रॅक्टोमीटरशिवाय (पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण) जिताड्याच्या वाटेला जाऊच नये. बीज, म्हणजे ही पिल्लं, आधी टाकीत खाऱ्या पाण्यात ठेवा आणि खारेपणा रोज चार-पाच पीपीटीने (म्हणजे लिटरमागे साधारण चार-पाच ग्रॅम क्षारांनी) उतरवा. खाणं सोडलं तर तिथेच थांबा. हॅचरीवालेच असा खारेपणा उतरवून देत असतील तर चार पैसे जास्त मोजा.

आणखी एक. लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकून त्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. तोंड उघडलं की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवायचं ते पिशवी बंद असताना.

जगलेली बोटुकली आकारानुसार वेगळी करा, नाहीतर मोठी धाकट्यांना गिळतील आणि तुम्ही पुन्हा पाण्यालाच दोष द्याल.